न वाचता कोरलेली अक्षरं

मांजर्ली, बदलापूर (प.)
१२ सप्टेंबर २०२४

बुधाजीभावजींना सुनंदाचा नमस्कार,

पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही पत्र फाडलं नाहीत, एवढं धरून लिहिते. मोरिवलीचं घर विकून तुम्ही करंजाला लेकीकडे, स्वप्नालीकडे राहायला गेलात, हे कारखान्यातल्या हिरामणकडून कळलं. पत्ता त्यानेच दिला. फोन करणार होते, पण तो म्हणाला की तीस वर्षं पॉवर प्रेसवर काढून तुमचे कान कामातून गेलेत आणि फोन तुम्ही घेतच नाही. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

हे मार्चमध्ये गेले. तुम्हाला कळलं असणार. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. जुलैत नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. कमरेएवढं. दोन दिवस मी वरच्या मजल्यावर होते. खाली आले तेव्हा ह्यांचं नाण्यांचं कपाट उताणं पडलं होतं. तुम्हाला ती कागदी पाकिटं आठवत असतील. प्रत्येकावर ह्यांच्या बारीक अक्षरात रोमन बादशहाचं नाव, साल, टांकसाळ. तेहतीस वर्षांचं काम. त्या सगळ्याचा लगदा झाला. नोंदींची वहीसुद्धा गेली. चिखल गाळून गाळून मी नाणी एका बादलीत जमवली. दोनशे बारा भरली. त्यातल्या एकाचंही नाव मला येत नाही.

रविवारी ती पाकिटं लिहायला ह्यांच्याबरोबर तुम्हीच बसायचात. एकदा येऊन गेलात तर बरं होईल. नाहीतर निदान एखादी यादी तुमच्याकडे असली तर पाठवा. शौनक पुण्याहून म्हणतो, "आई, देऊन टाक कोणाला तरी, तुला त्यातलं काय कळतं?" देणार नाही, असं मी त्याला सांगितलंय. कळत नाही हे मात्र खरं आहे.

बाकी, नाणी सुखरूप आहेत.

सुनंदा टिपणीस


३ ऑक्टोबर २०२४

बुधाजीभावजी,

तुमचं कार्ड मिळालं. एकच ओळ. "वैनी, माजे आयशीचा पैसा तेवरा धाडा."

मागच्या पत्रात मी त्या नाण्याचा विषय काढला नाही. विसरले नव्हते. टाळला.

आठ वर्षांपूर्वी अंबरनाथला नाणेसंग्राहक मंडळाच्या बैठकीत तुम्ही तुमच्या आईच्या, पुतळाबाईंच्या गळ्यातलं चांदीचं नाणं विश्वासाने ह्यांच्या हातात दिलंत. ह्यांनी भिंगातून बघितलं आणि चाळीस माणसांसमोर म्हणाले, "बुधाजी, खोटं आहे हे. अक्षरंच धड नाहीत. उल्हासनगरच्या साच्यातला माल." तुम्ही म्हणालात, "साहेब, हे माझ्या आईच्या आईच्या गळ्यात होतं. तेव्हा उल्हासनगर होतं तरी काय?" सगळे हसले. नाणं टेबलावर तसंच टाकून तुम्ही निघून गेलात, ते पुन्हा आमच्या घरी आला नाहीत.

ह्यांनी ते घरी आणून एका पाकिटात घातलं. पाकिटावर काय लिहिलं ते मला माहीत नाही. आता ते त्या दोनशे बारांमध्येच कुठेतरी आहे, आणि मी ते कधी हातात घेऊन बघितलेलं नव्हतं. त्यामुळे कुठलं ते मला सांगता येत नाही. त्यातलंच एखादं चांदीचं उचलून पाठवावं आणि तुम्हाला गप्प करावं, असाही विचार मनात आला. दोन दिवस होता. मग गेला.

नाणं कसं दिसायचं ते आठवेल तसं लिहून पाठवा. मी शोधून काढते. तुमच्या आईची वस्तू तुम्हाला परत मिळेल, हा माझा शब्द.

सुनंदा


२४ नोव्हेंबर २०२४

बुधाजीभावजी,

तुमच्या दुसऱ्या कार्डावरचं वर्णन मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलं आहे. एका बाजूला राजाचं तोंड, उजवीकडे बघणारं. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, "हातान काठी". राजाच्या डोक्यावर भोक. एवढं पुष्कळ झालं.

आधी एक गुन्हा कबूल करते. पहिली अकरा नाणी मी चिंचेच्या कोळाने घासली. देवाची भांडी घासतो तशी. लख्ख निघाली. मोठ्या ऐटीत ती घेऊन उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये अनीशकडे गेले. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात अर्ध्या काउंटरवर जुन्या नोटा, नाणी विकतो तो. ह्यांचं त्याच्याकडे जाणं-येणं होतं. त्याने एक नाणं उचललं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आंटी, ये क्या किया! सत्रह सौ साल में जो रंग चढ़ा, आपने बीस मिनिट में उतार दिया!"

माझा चेहरा बघून मग त्यालाच वाईट वाटलं. समोरून दाल-पकवान मागवलं आणि मला स्टुलावर बसवून शिकवलं. नाणी नुसत्या साध्या पाण्यात ठेवायची, रोज पाणी बदलायचं, मऊ ब्रश फिरवायचा, आणि घाई करायची नाही. जुनं भिंग दिलं. दोन पुस्तकं दिली. "अंकलजी किसी को हाथ नहीं लगाने देते थे," म्हणाला. ते मला वेगळं सांगायला नकोच होतं. तेहतीस वर्षं त्या कपाटाची धूळसुद्धा मी पुसलेली नव्हती.

आता माझं असं चाललं आहे: सकाळची कामं आटोपली की खिडकीशी टेबल, पांढरा कागद, एक नाणं. तांब्याची आहेत ती करंगळीच्या नखाएवढी. अक्षरं झिजलेली असली तर चित्र बघायचं. दोन शिपाई आणि मध्ये निशाण असेल तर कॉन्स्टन्टाइनच्या घरातलं कोणीतरी. शिपाई घोडेस्वाराला भाल्याने पाडत असेल तर त्याचा मुलगा कॉन्स्टॅन्शियस. चित्रही गेलेलं असेल तर चेहरा. निरोची मान जाड, दुरूनसुद्धा ओळखू येते. पहिल्यांदा एका नाण्याला तीन दिवस लागले. परवा एका सकाळी पाच झाली, आणि भावजी, मी घरात एकटीच मोठ्याने "पाच!" म्हणाले.

काल रात्रीपर्यंत एकशे छत्तीस झाली. पाकिटं आता प्लास्टिकची आहेत आणि त्यावरचं अक्षर माझं आहे.

तुमच्या कामाचं सांगते. चांदीची एकूण एकोणतीस. खुर्चीवरची बाई असलेली नऊ. ती सगळी टायबेरियस बादशहाची, हा ऑगस्टसच्या नंतरचा. नवांपैकी भोक असलेली चार. त्या चारांतलं एक पुतळाबाईंचं.

सुनंदा


१९ जानेवारी २०२५

बुधाजीभावजी,

सापडलं.

स्वप्नालीला हे पत्र सावकाश वाचून दाखवायला सांगा, कारण एवढं सांगून संपत नाही.

ती चार नाणी मी समोर ओळीने मांडली. तिन्हींवर तीच अक्षरं आहेत. टायबेरियस, देव झालेल्या ऑगस्टसचा मुलगा, असा त्यांचा अर्थ. एखादं अक्षर झिजलंय, पण जुळवून वाचता येतं. चौथ्यावर वाचताच येईना. टी आहे, आय आहे, मग सी उलटा, त्यापुढे तीन नुसत्या उभ्या रेघा. मागच्या बाजूला एन आरशात बघावा तसा. अक्षरं धड नाहीत असं हे म्हणाले होते ते ह्याच नाण्याबद्दल, हे लगेच कळलं. म्हणजे हेच तुमचं.

मी ते पाकिटात घालून तुम्हाला पाठवणारच होते. पण त्यातून नजर निघेना.

मी एकोणीस वर्षं आपल्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही खिडकीशी येऊन "वैनी, शाई सांडली काय?" म्हणून चिडवायचात. जर्मनीहून ड्रॉइंग यायची, त्यावर पातळ कागद ठेवून जशीच्या तशी शाईने काढायची, हे माझं काम. जर्मनचं एक अक्षर मला कळत नव्हतं. मी अक्षरं लिहीत नव्हते, त्यांची चित्रं काढत होते. म्हणून सांगते, ज्याला लिहिता येतं तो चुकला तर घाईने चुकतो. ज्याला येत नाही तो मन लावून चुकतो. त्याची रेघ ठाम असते, दोन अक्षरांतलं अंतर सारखं असतं, आणि अक्षर चुकीचं असतं. ह्या नाण्यावरचा हात तसा आहे. भिंगातून बघताना मला वाटलं, पलीकडे माझ्यासारखंच कोणीतरी वाकून बसलंय.

मग गालावरची रेघ दिसली. राजाच्या गालावर एक तिरकी, उठलेली रेघ आहे. बाकी तीन नाण्यांवर ती नाही. ही कशाला? दोन दिवस विचार केला. एकदा एका जर्मन ड्रॉइंगवर कोणाच्या तरी पेनचा ठिपका पडला होता. मी तो इमानाने ट्रेस केला आणि प्रेसवर तिथे भोक पडलं. तुम्हीच पाडलं होतं! तपासणीला हेच होते, ह्यांनी तो पार्ट रिजेक्ट केला आणि आम्ही दोघांनीही बोलणी खाल्ली होती. न कळता काढणारा माणूस डागसुद्धा काढतो, भावजी.

अनीशला विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्या काळी आपल्याकडचे लोक रोमन चांदीवर छिन्नीचा घाव घालून बघायचे, आत तांबं तर नाही ना. म्हणजे कोरणाऱ्यासमोर नमुना म्हणून असंच घाव घातलेलं रोमन नाणं होतं. त्याने ठशात राजा कोरला, अक्षरं कोरली, आणि घावही कोरला. म्हणून ती रेघ खोल नाही, उठलेली आहे.

आता माझं म्हणणं सांगते. हे नाणं रोममध्ये पाडलेलं नाही. ह्यांचं तेवढं बरोबर होतं. पण हे आजकालचंही नाही. साच्यात ओतलेल्या नाण्यावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात. ह्याच्यावर एकही नाही, उलट अक्षरांच्या कडेला धातू ताणल्याच्या रेघा आहेत, हातोड्याच्या. रोमची चांदी आपल्या बंदरांत उतरत होती, त्याच काळात आपल्याकडच्या कोणा कारागिराने हे ठोकलं असणार. अनीश म्हणतो, अशी नाणी अस्सल रोमनपेक्षाही कमी मिळतात. मला खात्री आहे, पण माझी खात्री म्हणजे पुरावा नव्हे.

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय पत्र बंद करता येत नाही. त्या दिवशी तुम्ही "उल्हासनगर होतं तरी काय?" म्हणालात तेव्हा सगळे हसले, असं मी मागे लिहिलं. त्यात मी होते. ह्यांच्या मागच्या खुर्चीवर बसून मीही हसले. तुम्ही वळलात तेव्हा तुमची नजर माझ्यावर आली आणि माझं हसू अजून तोंडावर होतं. प्रश्न तर तुमचा बरोबर होता. तेव्हा तिथे माळरान होतं.

नाणं तुमचं आहे. सांगाल तर उद्या रजिस्टरने पाठवते. पण जमलं तर पुरावा शोधायला मला दोन महिने द्या.

सुनंदा


२ मार्च २०२५

बुधाजीभावजी,

"ठेवा. पन खोटा असल तरी परत पायजे." तुमचं हे कार्ड मी आरशाला लावून ठेवलं होतं. आता काढलं, कारण त्यातलं अर्धं वाक्य आता लागू नाही.

खोटं नाही. पुरावा मिळाला.

दक्षिणेत एका गावी शंभरावर वर्षांपूर्वी विहीर खणताना नाण्यांनी भरलेलं मडकं निघालं होतं. त्यातल्या नाण्यांचे फोटो तेव्हा पुस्तकात छापले होते. अनीशने कुठून तरी त्या पुस्तकाची प्रत मिळवली आणि मोठी करून छापून दिली. साडेतीनशेच्या वर फोटो, काळपट, धुरकट. रोज दुपारी मी पाच-सहा पानं बघायची. नवव्या दिवशी, पानाच्या खालच्या कोपऱ्यात, राजाच्या गालावर तिरकी रेघ.

मी चहा ठेवला होता तो उतू गेला. उठलेच नाही.

नजर फसवते हे मला माहीत आहे. म्हणून जे येतं ते केलं. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने रेघ न् रेघ काढली. टी, आय, उलटा सी, तीन उभ्या रेघा, गालावरचा घाव. अनीशने तुमच्या नाण्याचा फोटो त्याच मापाचा काढून दिला. त्याच्याच काउंटरवर, बल्बखाली, मी माझा कागद त्या फोटोवर ठेवला आणि हळूहळू फिरवला. एका जागी सगळ्या रेघा बसल्या. एकही बाहेर राहिली नाही. दोन्ही नाणी एकाच ठशाने ठोकलेली आहेत, भावजी. आणि त्यातलं एक दोन हजार वर्षं मातीखाली मडक्यात होतं. तिथे कोणाचा साचा जाणार?

अनीश उठून उभा राहिला. शेजारचा घड्याळवालाही डोळ्याची काच काढून बघायला आला. अनीश त्याला म्हणाला, "आठ साल सब ने हमारा नाम लिया. लिख लो, उल्हासनगर निर्दोष!"

आता पुढचं. रविवारी २३ तारखेला अंबरनाथला मंडळाचं प्रदर्शन आहे. मी अध्यक्षांकडे पंधरा मिनिटं मागितली. ते म्हणाले, "टिपणिसांच्या आठवणी सांगणार का?" मी म्हटलं, "नाही, एका नाण्याबद्दल बोलणार आहे." शौनकला फोनवर सांगितलं तर तो चिडला. "बाबांना गेल्यावर चारचौघांत खोटं पाडणार?" मी म्हटलं, खोटं नाही रे, चुकलेलं. चारचौघांत चुकले ते चारचौघांतच दुरुस्त करायला हवं. त्याने तारीख परत विचारली. मग म्हणाला, "मी येऊ का?"

तुम्हीही या. स्वप्नालीला घेऊन. नाणं तुमच्या हातात तिथेच देईन, सगळ्यांच्या समोर.

सुनंदा


२० एप्रिल २०२५

बुधाजीभावजी,

तुम्ही आलात. पांढरा सदरा, टोपी, आणि अगदी शेवटच्या रांगेत दाराजवळ. मी तुम्हाला माइकपाशी उभी राहिल्यावर बघितलं आणि माझा पहिला कागद खाली पडला.

अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून तुम्ही लवकर निघालात. स्वप्नाली फोनवर म्हणाली, बाबांना तिथलं अर्धंही ऐकू आलं नाही, सारखं विचारतात काय काय बोलले म्हणून. म्हणून हे लिहिते. तुमच्यासमोर घडलं तेही, आणि नंतरचंही.

मी सुरुवातच अशी केली: "आठ वर्षांपूर्वी ह्याच मंडळात माझे यजमान श्यामकांत टिपणीस यांनी बुधाजी मढवी यांचं नाणं खोटं ठरवलं. ते चुकले होते. आम्ही जे हसलो तेही चुकलो. आता का ते दाखवते." मग गालावरचा घाव सांगितला, ठिपका आणि भोक सांगितलं, त्यावर लोक हसले, आणि ह्या वेळी ते हसणं माझ्यावर होतं, मला चाललं. शेवटी पडद्यावर माझं ट्रेसिंग सरकत सरकत नाण्यावर आलं आणि बसलं.

अध्यक्ष पुढे आले. नाणं हातात घेतलं, भिंग लावलं, खिडकीशी गेले. किती वेळ ते तुम्ही पाहिलंच. ते जे म्हणाले ते असं: "ठसा एकच आहे. ह्या बाईंनी सिद्ध केलं आहे. आणि त्या दिवशी टिपणिसांच्या बोलण्यावर मी मान डोलावली होती, तीही चुकली." मग ते तुमच्याकडे चालत आले आणि हात जोडले. त्यावर तुम्ही जे बोललात ते तुम्हाला हळू वाटलं असेल. भावजी, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "माजी आय खोटा घालीत नवती!" टाळ्या त्याच्यावर पडल्या. माझ्या भाषणावर पडल्या त्याच्या दुप्पट.

नाणं मी तुमच्या तळहातावर ठेवलं. नुसतं "वैनी" म्हणालात. मला तेवढं पुरलं. आठ वर्षांनी ऐकलं.

तुम्ही गेल्यावर लोक माझ्या टेबलाभोवती आले. दोनशे अकरा नाणी आठ ट्रेमध्ये मांडली होती, प्रत्येकाखाली नाव. दोनशे सहा ओळखली. पाच इतकी झिजलेली की नुसत्या चकत्या. त्यांच्याखाली मी "ओळख पटली नाही" असं लिहिलं. एका जुन्या सभासदाने बोट ठेवून विचारलं, "टिपणिसांच्या संग्रहात असं कधी नसायचं?" मी म्हटलं, "त्यांच्या नसायचं. हा माझा आहे." शौनक शेजारीच उभा होता. त्याने दिवसभर लोकांना ट्रे दाखवले आणि कॉन्स्टन्टाइनचे मुलगे तीनदा चुकवले. तिन्ही वेळा मी सुधारलं.

चिंचेने घासलेली अकरा त्यांतल्याच एका ट्रेमध्ये वेगळी ठेवली होती. वर पाटी: "असं करू नये." सगळ्यात जास्त गर्दी तिथेच.

काल मंडळाच्या अंकाचं कच्चं पान आलं. माझा लेख आहे, तीन पानांचा, ट्रेसिंगसकट. नाण्याच्या फोटोखाली त्यांनी छापलं होतं, "कै. श्यामकांत टिपणीस यांच्या संग्रहातून". ते खोडलं. त्यांच्या संग्रहात ते कधी नव्हतंच, फक्त कपाटात होतं. तिथे लिहिलं: "पुतळाबाई मढवी यांच्याकडून वारशाने, मालक बुधाजी मढवी, करंजा". पुतळाबाईंच्या आईचं नाव काय होतं? तेही घालायचं आहे. लवकर कळवा.

स्वप्नाली असंही म्हणाली की करंजात आणखी तीन घरांत असे जुने पैसे आहेत आणि तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला आहात की आमची वैनी बघून सांगेल. एका म्हातारीच्या पैशावर हत्ती आहे म्हणे. हत्ती असेल तर बहुतेक रोमन नाही, दुसरंच काही असेल, पण न बघता मी काही बोलणार नाही. तिला म्हणावं, चिंच लावू नकोस.

येत्या रविवारी नेरुळहून उरणच्या पहिल्या गाडीने येते. स्टेशनपासून रिक्षा मी करीन. भिंग माझं आहे, कागद आणते, शाई आणते. तुम्ही फक्त अंगणात, भरपूर उजेडात एक टेबल मांडून ठेवा.

तुमची वैनी
सुनंदा